मोहाचं बिस्कीट

चैत्र लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या जंगलालगतच्या गावांमधली माणसं तांबडं फुटायच्या आत टोपल्या घेऊन घराबाहेर पडतात. मोहाची फुलं पहाटेपासून टपटप गळायला लागतात. ऊन चढेपर्यंत वेचून झाली नाहीत, तर गुरंढोरं, हरणं आणि अस्वलं वाटेकरी होतात. अस्वलाशी गाठ पडून जखमी झालेली माणसं या पट्ट्यात दर हंगामात असतात, तरी वेचणी थांबत नाही. फूल फिकट पिवळसर, मांसल, गोलसर; बोटात दाबलं की चिकट रस येतो. अंगणात तीन-चार दिवस वाळवलं की त्याचा रंग तांबूस तपकिरी होतो, अंग आकसतं आणि ते मनुकेसारखं दिसायला लागतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते.

कारखान्याची पांढरी साखर गोंदियाच्या बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून या भागाची एक साखर अशी झाडाखाली पडत आली आहे.

गेल्या काही वर्षांत पूर्व विदर्भातल्या बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनांत मोहाचे लाडू आणि बिस्किटं मांडलेली दिसतात. घरी ओव्हन असलेल्या बायका ओट्स आणि कणकेच्या बिस्किटांत साखरेऐवजी मोहाचा वाटलेला गर घालून पाहतात. साखर कमी करायची, मैदा टाळायचा, मुलांच्या डब्यात काहीतरी बरं द्यायचं, ही शहरी घरातली चिंता आता तालुक्याच्या गावातही पोचली आहे. त्यामुळे मोहाच्या बिस्किटाकडे नवा शोध म्हणून पाहिलं जातं. त्याचा मागचा इतिहास पाहिला तर मात्र असं दिसतं की मोह इथे पिढ्यानपिढ्या जेवणात होता. त्याला ताटातून उठवलं ते सरकारी कायद्यांनी, आणि त्याला परत ताटात यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. खाणंपिणं मात्र वैनगंगेच्या खोऱ्याचंच राहिलं: धान, तलाव आणि जंगल या तिघांवर उभं. यातल्या तलावांची गोष्ट गोडाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या मोठ्या ग्रंथात आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी इथल्या कोहळी समाजाची नोंद केली आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले थोरले तलाव बांधणारे हे लोक. आणि तलावाच्या पाण्यावर धानाबरोबर त्यांचं आवडतं पीक होतं ऊस. नवेगावबांधचा तलाव लोकपरंपरेत कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर आहे. त्या पाण्याखालच्या जमिनीत ऊस उभा राहायचा, गुऱ्हाळ लागायचं, गुळाच्या भेल्या गावात यायच्या.

पण ऊस वर्षभर पाणी पितो, आणि पाण्याखालची जमीन सगळ्यांकडे नव्हती. ज्याच्याकडे ओलीत त्याच्या घरी गूळ. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गोंड, हलबा कुटुंबांना गोड मिळायचं ते मोहाचं. एकाच खोऱ्यात गोडाच्या अशा दोन परंपरा नांदल्या, आणि त्यातल्या दुसरीबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं.

मोह खाण्याच्या रीती अनेक. वाळलेली फुलं धुऊन, उकडून, पाणी आटेपर्यंत शिजवायची आणि भाजलेल्या तिळाबरोबर किंवा जवसाबरोबर उखळात कुटायची. तेलबियांच्या तेलकटपणामुळे गोळा आपोआप वळतो. पाक नको, तूप नको. पिठात उकडलेला मोह मळून भाकर थापायची. चिंचेच्या कोळाबरोबर किंवा डाळीबरोबर शिजवायचा. मळ्यातून थकून आलेल्या बैलालाही उकडलेला मोह घालत. गोंडांच्या लग्नाच्या मांडवात मोहाच्या लाकडाला मान, देवाला मोहाची दारू. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला पारी कुपार लिंगो आणि माँ काली कंकालीच्या दर्शनाला लाखो गोंडी माणसं येतात. त्यांच्या देवधर्मात मोहाला मानाची जागा आहे.

मोहाचं मोल हंगामामुळेही वाढतं. फुलं गळतात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे कोठीतलं धान तळाला लागलेलं असताना. कडक वाळवून ठेवला तर मोह पावसाळा काढतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा जंगलालगतच्या लोकांना तगवणाऱ्या रानमेव्यात मोह अव्वल होता. जॉर्ज वॅट यांनी १८८९ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात मोहाला विस्तृत जागा मिळाली, ती दारूइतकीच अन्न म्हणूनही. म्हणजे सरकारच्या स्वतःच्या पुस्तकांत मोह अन्न म्हणून लिहिलेला होता.

१९०८ साली रसेलचं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर छापून आलं. त्याच वर्षी अमेरिकेत क्वेकर कंपनीने आपल्या ओट्सच्या डब्यावर कुकीची कृती छापली. त्याआधी १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांच्या बोस्टनच्या पाकशाळेच्या पुस्तकात ओट्सच्या कुकीज येऊन गेल्या होत्या. ओट्स तोवर पाश्चात्त्य जगातही बऱ्याच ठिकाणी घोड्याचा खुराक आणि गरिबाची पेज समजले जात. छापील डबा, कृती आणि जाहिरात यांच्या जोरावर ते मध्यमवर्गाच्या टेबलावर चढले. मोह हे तितकंच गरिबाचं, तितकंच पोटभरीचं अन्न. त्याच्या वाट्याला आलं अबकारी खातं.

अबकारी खात्याला मोहाच्या झाडात दारूच तेवढी दिसली. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळपाचा हक्क ठेकेदारांच्या हाती दिला, आणि १८९२ मध्ये खास मोहासाठी वेगळा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्या-विकण्यावर निर्बंध घातले. मध्य प्रांतात १९१५ चा अबकारी कायदा आला. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छत्राखाली आला. त्याच कायद्याखाली १९५० मध्ये मोहफुलांचे नियम झाले होते. ठरावीक मर्यादेपलीकडे फुलं साठवायची, हलवायची किंवा विकायची तर परवाना हवा, असं त्यांचं सूत्र.

सरकारची अडचण खोटी नव्हती. टोपलीतल्या फुलाचा लाडू होणार की दारू, हे टोपलीकडे पाहून कळत नाही, आणि दारूने घरं मोडली हेही या भागातल्या बायकांनी भोगलं आहे. पण कायद्याने दारूचा बंदोबस्त फारसा झालाच नाही. हातभट्टी सुरूच राहिली. नुकसान झालं ते साठवणीचं. घरात जास्त मोह ठेवणं जोखमीचं झाल्यावर वेचणाऱ्याने तो हंगामातच, मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याला देऊन टाकायचा, आणि पावसाळ्यात लागला तर चढ्या भावाने परत घ्यायचा, ही रीत मध्य भारतात सर्वदूर पडली. जे अन्न वर्षभर कोठीत असायचं, ते आठवड्याच्या बाजारात रोखीत बदललं. कोठीतून गेलेला पदार्थ चुलीवरूनही जातो. आजीला येणारा लाडू नातीला येईनासा झाला.

सत्तेला गरज पडली तेव्हा मात्र याच फुलातली साखर मोलाची ठरली. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट नावाच्या दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन लागत होतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर यांनी मोहफुलं आंबवून अ‍ॅसिटोन काढण्यावर काम केलं आणि त्यासाठी नाशिकला कारखाना उभा राहिला. जंगलातल्या बाईने ठेवलेल्या पोत्यावर संशय, आणि त्याच मालावर सरकारी कारखाना, हा विरोधाभास बोचल्याशिवाय राहत नाही.

पूर्व विदर्भाच्या ताटातली ही एकच फिर्याद नाही. लाखोळी, म्हणजे लाख डाळ, धान कापल्यावर ओलाव्यावर फेकून घ्यायचं इथलं हक्काचं कडधान्य. पायांच्या लकव्याच्या भीतीने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला आणि महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी मागे घेतली. धोका खरा होता, पण तो प्रामुख्याने दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त लाखच खाणाऱ्यांना होता. गरिबाच्या अन्नातला दोष लवकर दिसतो आणि त्याचा गुण कळायला पन्नास वर्षं लागतात, हा अनुभव या भागाने दोनदा घेतला आहे.

मोह कोठीतून जात असताना पांढरी साखर येत होती. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे या भागातून गेली, ती बंगाल नागपूर रेल्वेच्या ताब्यात आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्याकडे जाणारी छोटी लाइन गोंदियाला येऊन मिळाली. जंक्शन झालं, बाजार वाढला. धानाच्या गिरण्या आणि तेंदूपत्त्यावरचा बिडी उद्योग यांनी गावाचं शहर केलं. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर देशात साखर कारखाने झपाट्याने निघाले. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरपासून सहकारी कारखान्यांची रांग पश्चिम महाराष्ट्रात लागली, आणि साखर रेशनच्या दुकानातून थेट गोंदियाच्या खेड्यात पोचू लागली. सणाला साखर मिळणं ही मानाची गोष्ट झाली. मोहाचा लाडू आपोआपच मागासलेपणाची खूण ठरला. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या पार्लेचं ग्लुको बिस्कीट १९३९ मध्ये बाजारात आलं, आणि पुढे चहात बुडवायचं बिस्कीट बिडी वळणाऱ्या हातांपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळीकडे गेलं.

याच काळातली एक रीत या गोष्टीत लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात आणि विदर्भात कितीतरी घरं दिवाळीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचं सामान घेऊन बेकरीत जात. कणिक किंवा मैदा, तूप किंवा डालडा, पिठीसाखर, थोडं दूध. बेकरीवाला ते आपल्यासमोर फेटायचा, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचा आणि पावाची खेप निघाल्यावर उतरत्या आचेच्या भट्टीत सारायचा. बाहेर बाकड्यावर पोरं बसलेली. गरम बिस्किटं गार होईपर्यंत थांबायचं, नाहीतर डब्यात त्यांना वाफ धरते. तासाभराने पत्र्याचा डबा काठोकाठ भरून घरी. भट्टी दुसऱ्याची असली तरी माप घरचं असायचं. कोणी तूप सढळ घालायचं, कोणी साखरेत हात आखडायचं. कारखान्याच्या पुड्यातल्या बिस्किटात ही मुभा नसते. म्हणूनच आज घरात ओव्हन घेऊन कमी साखरेची बिस्किटं करणारी बाई काही अगदी नवी वाट चालत नाही. बेकरीच्या बाकड्यावर बसून आपलं माप सांगणाऱ्या बाईचीच ती पुढची पिढी आहे.

मोहाची कायद्यातली कोंडी सुटली ती टप्प्याटप्प्याने. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा आणि वननिवासींचा हक्क मान्य केला. देवरीसारख्या तालुक्यांतल्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळवून तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः हातात घेतला. २०१८ पासून केंद्राच्या वनधन योजनेत मोहासारख्या वनोपजावर गावातच प्रक्रिया करणारे गट उभे राहू लागले. पण मोहफुलांचे १९५० चे नियम तसेच होते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये त्यांत बदल करून फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर आणि वाहतुकीवर असलेले निर्बंध सैल केले. त्यानंतरच मोह विकत आणून लाडू-बिस्किटांचा धंदा करणं बिनघोर झालं. म्हणजे वनहक्क हातात आल्यावरही पोतं निर्धास्त घरात ठेवायला आणखी पंधरा वर्षं जावी लागली.

आता चुलीकडे, म्हणजे ओव्हनकडे. वाळलेल्या फुलाच्या पोटात पुंकेसर असतात, बारीक आणि काहीसे कडवट. ते काढल्याशिवाय बिस्कीट करू नये. फूल दोन बोटांत धरून हलकं चोळलं आणि पाखडलं की बरेचसे निघतात, उरलेले एकेक फूल उघडून काढायचे. सगळा वेळखाऊ भाग तेवढाच. मग फुलं दोन-तीन पाण्यांत धुवायची, कारण ती मातीवरून उचललेली असतात, आणि दहा मिनिटं वाफवून त्यांचा गर वाटायचा. शंभर ग्रॅम भाजून जाडसर दळलेले ओट्स, शंभर ग्रॅम कणिक, साठ-सत्तर ग्रॅम तूप, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलदोडा आणि साठ ग्रॅम वाळलेल्या मोहाचा गर, एवढ्यात वीस-बावीस बिस्किटं होतात. पीठ कोरडं वाटलं तर चमचाभर दूध. उग्र वासाची सवय नसेल तर पहिल्या खेपेला मोह निम्मा घ्यावा आणि बाकी खजूर.

साध्या नानकटाईत एवढ्याच पिठाला शंभर ग्रॅमच्या आसपास पिठीसाखर पडते. साठ ग्रॅम मोहातून साखर येते ती साधारण तीस-चाळीस ग्रॅम. उरलेल्या भागात चोथा आणि थोडे क्षार असतात. गोडी कमी लागते, पण वासामुळे ती उणी वाटत नाही.

साखर काढून घेतली की बिस्कीट वेगळं वागतं, हे पहिल्यांदा करणाऱ्याला कोणी सांगत नाही. साखर भट्टीत वितळते तेव्हा बिस्कीट पसरतं, आणि गार होताना तीच कडक होऊन खुसखुशीतपणा देते. मोहाचं बिस्कीट पसरत नाही. जसं थापलं तसंच राहतं. म्हणून ते हाताने पातळ दाबूनच ट्रेवर ठेवावं लागतं. दुसरी गोष्ट रंगाची. मोहात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर, आणि या साखरी पिठातल्या प्रथिनांशी मिळून साध्या साखरेपेक्षा लवकर तांबूस होतात. नेहमीच्या १८० अंशांवर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. १६० अंशांवर वीस मिनिटं, आणि बंद ओव्हनमध्ये आणखी पाच, हे प्रमाण जमतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि ताटली, वर घट्ट झाकण. मंद आचेवर अर्धा तास लागतो.

ओट्सचा हट्टही धरायला नको. गोंदियात जाड पोहे मुबलक. ओट्स वाफवून रुळाखाली दाबतात, पोहे भिजवून, भाजून कांडतात. दोन्ही मुळात शिजवून चपटं केलेलं धान्यच. पोहे कोरडे भाजून जाडसर दळले की बिस्किटाला चांगला कुरकुरीतपणा येतो. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा चोथा असतो, तो पोह्यांत नाही, हा फरक खरा. म्हणून निम्मे ओट्स, निम्मे पोहे हा मध्यममार्ग चांगला.

मधुमेह असलेल्या घरात मात्र हे बिस्कीट औषध समजून खाऊ नये. मोहाची साखर झाडावरची असली तरी साखरच आहे आणि रक्तात ती तशीच वागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसभराच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. मोहाच्या बिस्किटाचा फायदा आहे तो एकूण साखर कमी पडण्यात आणि पुड्यातल्या मैद्याच्या जागी अख्खं धान्य येण्यात. चहाबरोबर दोन बिस्किटं, एवढंच त्याचं माप.

हा धंदा वाढायचा असेल तर खरा प्रश्न फुलाच्या स्वच्छतेचा आहे. जमिनीवरून वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची जुनी सवय आहे, आणि उन्हाळ्यातल्या वणव्यांचं ते एक ठळक कारण. २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास वनखात्याचे लोक यासाठी गावोगाव विनवण्या करतात. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही, फूल मातीला लागत नाही आणि खाण्याच्या प्रतीचं म्हणून वेगळं वाळवता येतं. असं फूल दारूसाठी घेणाऱ्याला जास्त दाम देण्याचं काही कारण नाही. बिस्किटं आणि लाडू करणाऱ्याला आहे. जाळीची किंमत, ती सांभाळायची जबाबदारी आणि वाळवायला चाळीस अंशांच्या उन्हातही धूळ नसलेली जागा, हे सगळं मात्र वेचणाऱ्या बाईवर टाकून चालणार नाही. ग्रामसभेने किंवा गटाने जाळ्या घेऊन झाडांची वाटणी करायची, फूल दोन प्रतींत मोजून घ्यायचं आणि पैसे हंगामातच हातात द्यायचे, अशी व्यवस्था मोजक्याच ठिकाणी बसली आहे. बाकी मोह अजूनही आठवडी बाजारात, सरसकट एका भावाने, व्यापाऱ्याच्या पोत्यात जातो.